जॉर्जियात नव्याने आलात? मग हे राज्य या क्रमाने बघा

अटलांटाच्या उपनगरांत कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, आणि उकरलेल्या प्लॉटवरची माती पाहून कोकणातला माणूस हमखास थबकतो. तशीच तांबडी माती. पाऊस पडला की बुटाला चिकटणारी, मुलांच्या पांढऱ्या मोज्यांवरून कधीच पुरती न निघणारी. नोकरीसाठी इथे आलेली आपली बरीचशी मंडळी पहिली दोन-तीन वर्षं हायवे, ऑफिस, देशी दुकान आणि मंडळाचा गणपती यांच्या पलीकडे जात नाहीत. लाँग वीकेंड आला की गाडी थेट फ्लोरिडाकडे. "जॉर्जियात बघण्यासारखं आहे काय?" हे नव्या शेजाऱ्यांच्या तोंडून मी दर वर्षी ऐकते.

त्यांना चहा पिता पिता जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. सांगण्यात एक क्रम आहे आणि तो शक्यतो पाळा. ही ठिकाणं सुटी सुटी बघितली तर एक धबधबा, एक किल्ला, एक म्युझियम आणि फोनमधले चारशे फोटो एवढंच हाती राहतं. ओळीने बघितली तर ही माती आधी कोणाची होती, कोणी बळकावली, तिच्यात कोण राबलं, हे एकातून एक उलगडत जातं.

पायरी १: आधी नकाशा आणि महिना ठरवा

जॉर्जियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं आहे. त्यामुळे दोन दिवसांत "जॉर्जिया उरकून टाकू" हे जमणार नाही. उत्तरेला ॲपलाचियन डोंगर, मध्ये अटलांटा आणि मेकन, आग्नेयेला समुद्रकिनारा आणि बेटं, दक्षिणेला दलदल, नैऋत्येला शेती. अटलांटाहून डोंगर दीड-दोन तासांवर, सव्हाना २५० मैल म्हणजे साधारण चार तास, प्लेन्स अडीच तास, आणि ओकेफेनोकीची दलदल साडेचार-पाच तास. डोंगर एका दिवसात होतात. बाकीच्यांसाठी मुक्काम करा.

महिना चुकला तर सगळी मजा जाते. डोंगरातली पानं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रंगतात, आणि तेव्हा शनिवारी सकाळी दहानंतर निघालात तर दिवस गाडीतच जाईल. आठच्या आत ट्रेलपाशी पोहोचा. मार्च-एप्रिलमध्ये अझेलिया फुलतात, पण पाइनचे पिवळे परागकण गाडीवर हळद सांडल्यासारखे बसतात; ॲलर्जी असेल तर गोळ्या जवळ ठेवा. जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या ऑक्टोबर हीटसारखा, वर दुपारी गडगडाटी पाऊस आणि दक्षिणेकडे डोळ्या-नाकाशी घोंघावणारी चिलटं. समुद्र आणि दलदल यांच्यासाठी मला फेब्रुवारी ते एप्रिल आवडतो. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, तेव्हा किनाऱ्यावरचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

पास दोन तऱ्हेचे असतात. राज्य उद्यानांत पार्किंगचे पैसे भरावे लागतात, पण दिवसाचा पास एकदा घेतला की त्या दिवशी दुसऱ्या राज्य उद्यानातही तोच चालतो. म्हणून डोंगरात दोन उद्यानं एका दिवसात जोडा. केंद्र सरकारच्या जागांसाठी वार्षिक पास वेगळा मिळतो. तो पुलास्की किल्ल्यावर आणि ओकेफेनोकीला उपयोगी पडतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक, ऑकमल्गीचे टेकाड, अँडरसनव्हिल आणि प्लेन्स यांना प्रवेश फी नाहीच. राष्ट्रीय उद्यानांत मुलांना ज्युनिअर रेंजरची वही मागून घ्या. ती भरून दिली की रेंजर समोर उभं करून शपथ देतात आणि बिल्ला लावतात. माझ्या मुलीने बिल्ल्यासाठी जेवढी माहिती वाचली तेवढी शाळेसाठीही वाचली नसेल.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. दक्षिणेच्या जेवणात पालेभाज्या आणि बीन्स मुबलक असतात, पण बऱ्याचदा त्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेल्या असतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. तळलेली भेंडी आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या जाड रव्याची उकडपेंडीच म्हणा, सहसा चालतात, तरी तळणीचं तेल आणि रस्सा कशाचा ते विचारावं. आम्ही तर धपाटे आणि दही घेऊनच निघतो.

पायरी २: पहिला शनिवार ऑबर्न ॲव्हेन्यूला द्या

अटलांटा शहरातली ही एक मैलभर जागा सगळ्यांत आधी बघा. १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग ज्या घरात जन्मले ते ५०१ ऑबर्न ॲव्हेन्यू, त्याच रस्त्यावरचं एबेनेझर चर्च जिथे त्यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः पाद्री होते, आणि निळ्या पाण्याच्या कुंडात मधोमध त्यांची आणि पत्नी कोरेटा यांची समाधी. घर दुरुस्तीसाठी बराच काळ बंद ठेवलं होतं, म्हणून निघण्याआधी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. चर्चमध्ये मात्र बाकावर शांत बसा. आतमध्ये त्यांच्या भाषणांचं ध्वनिमुद्रण लावलेलं असतं. चर्चच्या चार भिंतींत तो आवाज ऐकणं आणि मोबाइलवर ऐकणं यांत फार अंतर आहे.

बाहेर, माहिती केंद्राच्या आवारात, काठी घेऊन चालणारे गांधीजी उभे आहेत. आपल्याकडून आलेले आई-बाबा तिथे एकदम मोकळे होतात. त्यांना सांगा, की १९५९ साली किंग आणि कोरेटा महिनाभर भारतात होते आणि मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात मुक्कामाला राहिले होते, गांधीजी राहत त्याच घरात.

आपला धागा त्याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी इथल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांना हे दिसलं होतं. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं. ते ड्यू बॉइस याच शहरातल्या अटलांटा युनिव्हर्सिटीत कितीतरी वर्षं प्राध्यापक होते. इथली मुलं हे शाळेत शिकणार नाहीत. त्यांना आपणच सांगायचं.

गाडी शहरात नेऊ नका. मार्टाच्या ट्रेनने या, पुढे स्ट्रीटकार थेट स्मारकापाशी सोडते.

स्टोन माउंटनबद्दल सगळेच विचारतात. तो एकसंध ग्रॅनाइटचा घुमट आहे, पायथ्यापासून ८२५ फूट उंच, आणि मैलभराच्या वाटेने वर जाऊन सूर्योदय बघावा असाच आहे. उघड्या खडकावरच्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात बारीक रोपं जगतात. आपल्या कातळसड्यांची आठवण येते. पण त्याच्या कड्यावर जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन यांचं प्रचंड शिल्प कोरलेलं आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचे हे पुढारी, आणि शिल्प पूर्ण झालं १९७२ मध्ये, किंग यांच्या हत्येनंतर चार वर्षांनी. १९१५ साली कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेचा, पुन्हा जन्म झाला तो याच डोंगरावर. मी पाहुण्यांना डोंगरावर नेते, आणि हे सगळं सांगूनच नेते.

पायरी ३: उत्तरेचे डोंगर, पण आधी न्यू एकोटा

धबधब्यांकडे धावण्यापूर्वी अर्धा दिवस न्यू एकोटाला काढा. अटलांटाहून कॅलहून गावाकडे सव्वा-दीड तास. १८२५ पासून ही चेरोकी राष्ट्राची राजधानी होती. आज मोकळं गवताळ मैदान आहे, त्यात न्यायालय, छापखाना, काही घरं पुन्हा उभारलेली. वूस्टर या मिशनऱ्याचं घर तेवढं मूळचं. बहुतेक जण वीस मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही छापखान्यात थांबा.

सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर खुणा करून एकमेकांशी बोलतात एवढं त्याने पाहिलं, आणि बारा वर्षांच्या आसपास खपून स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली. सुमारे ८५ अक्षरं, आणि जवळजवळ प्रत्येक अक्षर म्हणजे व्यंजन-स्वराचा पुरा उच्चार, आपल्या 'का', 'कि', 'कु'सारखा. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला तो तक्ता बघताच उमगतो. इंग्रजी शाळेतल्या मुलांना समजवायला वेळ लागतो. या लिपीत २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र इथे निघालं. एका स्तंभात चेरोकी, दुसऱ्यात इंग्रजी. आपल्या बाळशास्त्र्यांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं, तेही दोन स्तंभांचं, मराठी आणि इंग्रजी. चार वर्षांच्या अंतराने, दोन टोकांना, राज्यकर्त्यांना त्यांच्या भाषेत आणि आपल्यांना आपल्या भाषेत सांगायची तीच निकड. त्या टाइपांकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढे काय झालं ते ऐकून घ्याच. जवळच सोनं सापडलं. जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, तो पाळला गेला नाही. १८३८ साली सैन्याने त्यांना घरातून काढून पश्चिमेकडे चालवत नेलं. वाटेत हजारो माणसं मेली. त्या वाटेला अश्रूंची वाट म्हणतात.

आता डलॉनेगाला जा म्हणजे ते सोनं कुठलं ते कळेल. गावाच्या नावाचं मूळही चेरोकी भाषेतल्या पिवळ्या रंगाच्या शब्दात आहे. १८२९ च्या सुमारास इथे सोन्यासाठी झुंबड उडाली, कॅलिफोर्नियाच्या वीस वर्षं आधी. १८३८ ते १८६१ इथे सरकारी टांकसाळ होती. चौकातलं १८३६ चं जुनं कोर्ट आता सोन्याचं म्युझियम आहे. अटलांटाच्या विधान भवनाचा सोनेरी घुमट मढवायला सोनं इथूनच गेलं. खाणीत उतरून आल्यावर पाण्यात थाळी हलवून गाळ धुवायला देतात. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी असत, अगदी तेच हाताचं कसब. मुलं तासभर हलत नाहीत.

डलॉनेगाहून ॲमिकलोला धबधबा वीसेक मैलांवर. ७२९ फुटांवरून पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं, आणि शेजारून ६०४ पायऱ्या आहेत. पर्वतीच्या पायऱ्या १०३; हिशेब तुम्हीच करा. आई-बाबा बरोबर असतील तर पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. वरच्या पार्किंगपर्यंत गाडी जाते, शिवाय वेस्ट रिज नावाची सपाट वाट धबधब्याच्या मधल्या पुलापर्यंत पोहोचवते. तिच्यावर व्हीलचेअरही चालते. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, आणि त्या पुलावर उभ्या राहून तुषार अंगावर घेत त्यांनी आपल्या बहिणीला सांगलीला व्हिडिओ कॉल लावला होता. याच उद्यानातून साडेआठ मैलांची वाट स्प्रिंगर माउंटनला जाते, जिथून मेनपर्यंतची २,१९० मैलांहून लांब ॲपलाचियन ट्रेल सुरू होते. वसंतात पाठीवर बोजा घेतलेली माणसं पहिलं पाऊल टाकताना दिसतील.

तलुला घळीला वेगळा दिवस द्या. दोन मैल लांब, जवळजवळ हजार फूट खोल. काठावरच्या वाटा सोप्या आहेत. घळीवरच्या झुलत्या पुलापर्यंत उतरून परत यायलाही दम लागतो, आणि पूर्ण फेरीत हजाराच्या वर पायऱ्या होतात. अगदी तळाशी जायला दिवसाला फक्त १०० परवाने देतात, पावसात किंवा धरणातून पाणी सोडतात त्या दिवशी देत नाहीत. शनिवारी हवा असेल तर फाटक उघडायच्या आधी रांगेत असा, आणि सॅंडल घालून गेलात तर परत पाठवतील. १९७० मध्ये कार्ल वॉलेंडा हा ६५ वर्षांचा डोंबारी या घळीवर बांधलेल्या तारेवरून चालत पलीकडे गेला होता. काठावर उभं राहून तो पल्ला नजरेने मोजून बघा.

ब्रासटाउन बॉल्ड हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, ४,७८४ फूट. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. पार्किंगपासून वर शटल जाते, चार राज्यं दिसतात, ढग असतील तर काहीच दिसत नाही. हेलन गाव मात्र माझ्या मते पहिल्या फेरीत सोडा. जर्मन धर्तीची घरं आणि गर्दी याशिवाय फारसं हाती लागत नाही, आणि तोच वेळ घळीला कमी पडतो.

पायरी ४: सव्हानाचा रस्ता, मेकनला थांबा घेऊन

सव्हानाला जाताना मेकनजवळ ऑकमल्गीचे मातीचे टेकाड आहेत. लोक पेट्रोल भरून पुढे जातात. तुम्ही दोन तास थांबा. हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी टोपल्याटोपल्यांनी माती वाहून हे उंचवटे रचले. सर्वांत मोठा ५५ फूट. जवळच मातीने झाकलेलं गोल सभागृह आहे. आत जायला वाकून, अरुंद बोळातून जावं लागतं. डोळे अंधाराला सरावले की काचेपलीकडे भाजलेल्या मातीची जमीन दिसते, मधोमध आगीचा खळगा, भिंतीलगत गोल फिरणारा ओटा आणि त्यावर एकेका माणसाची बसायची जागा, सगळ्या मिळून ५०. समोरचा चौथरा पक्ष्याच्या आकाराचा. छत नवं आहे, पण जमीन खरी, इ.स. १०१५ च्या सुमाराची. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. म्हणजे अंबरनाथचा दगड घडवायला घेण्याआधी इथे पन्नास माणसं गोल बसून काहीतरी ठरवत होती. या लोकांचे वंशज मस्कोगी, त्यांनाही पुढे याच राज्यातून हाकललं गेलं.

सव्हाना १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्पने वसवलं, चौक आखून. मूळच्या २४ चौकांतले २२ अजून आहेत. गाडी एकदा लावून टाका आणि बुल स्ट्रीट धरून नदीकडून दक्षिणेला चालत सुटा: जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरी, आणि शेवटी फोरसाइथ बाग आणि १८५८ चं कारंजं. मैलभराचं अंतर आहे, दर दोन-चार मिनिटांनी सावलीत बाक. राइट चौकात थांबा. ओगलथॉर्पला इथे जागा देणारा यामाक्रॉ जमातीचा प्रमुख टोमोचिची १७३९ मध्ये वारला, त्याला सन्मानाने या चौकात पुरलं. दीडशे वर्षं होत नाहीत तोच त्याच जागेवर एका रेल्वेवाल्याचं स्मारक उभारलं गेलं. टोमोचिचीच्या नावाचा मोठा दगड कोपऱ्यात आहे, तो नंतर ठेवलेला.

ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात. ते मॉस नाही, अननसाच्या कुळातलं झाड आहे. खाली पडलेलं उचलून गाडीत टाकू नका, त्यात चावणारे बारीक किडे असतात. नदीकाठच्या रस्त्यावर जहाजांच्या भरावाचे दगड फरसबंदीला वापरलेत आणि तिथे उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या फार उभ्या आहेत. वयस्करांना त्यावरून नेऊ नका, उताराचा रस्ता किंवा लिफ्ट शोधा. नदीवरची छोटी फेरी फुकट आहे, मुलांना दोनदा बसवा.

फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची टूर चुकवू नका. गुलामीतल्या माणसांनी दिवसभराचं काम संपवून रात्री हे चर्च बांधलं, १८५९ मध्ये ते पूर्ण झालं. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. खाली लपलेल्या पळून आलेल्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून ती ठेवली, असं चर्चची मंडळी सांगतात. त्याच १८५९ च्या मार्चमध्ये सव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत ४३६ माणसं लिलावाला उभी केली होती. ती भोकं बघताना हा आकडा डोक्यात असू द्या.

दुसऱ्या दिवशी टायबीच्या वाटेवर पुलास्की किल्ला. गडकिल्ले पायाखाली घातलेल्या मराठी माणसाला इथे अर्धा दिवसही पुरत नाही. पाण्याने भरलेला खंदक, उचलता पूल, पाच बाजू, साडेसात फूट जाडीच्या भिंती, अडीच कोटी विटा, बांधायला १८ वर्षं. हा अभेद्य, असं सगळे धरून चालले होते. एप्रिल १८६२ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजेने मैलाहून जास्त अंतरावरून, टायबी बेटावरून, आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफा डागल्या, आणि ३० तासांत किल्ला पडला. आग्नेयेच्या भिंतीपाशी बाहेरून चालत जा. विटा खड्ड्याखड्ड्यांनी फुटलेल्या आहेत आणि काही गोळे अजून रुतलेले दिसतात. दुरुस्त केलेल्या भागातल्या विटांचा रंग वेगळा आहे, त्यामुळे भगदाड केवढं होतं ते एका नजरेत कळतं.

किल्ला पडला आणि सव्हानाचं बंदर बंद झालं. दक्षिणेची बंदरं अशी एकेक करून अडकल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांनी तोंड वळवलं मुंबईकडे. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं, आणि १८६५ मध्ये इथलं युद्ध संपताच तिथला बाजार कोसळून कितीक घरं बसली. या भिंतीसमोर मी हे नेहमी सांगते. विदर्भातला कोणी बरोबर असेल तर तो पुढचं मला सांगतो.

टायबीचं दीपगृह १७८ पायऱ्यांचं. चढा, वरून किल्ला दिसतो.

पायरी ५: बेटं

जेकिल बेटावर ड्रिफ्टवुड बीच आहे. समुद्राने किनारा खाल्ला, झाडं मुळांसकट आडवी झाली आणि खारट वाऱ्याने पांढरी पडली. इथे भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, भरतीला चालायला वाळूच उरत नाही. तक्ता बघून ओहोटीला, सकाळी जा. बेटावर समुद्री कासवांचा दवाखाना आहे, जखमी कासवांवर उपचार चालू असलेले काचेतून बघता येतात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना ज्यांनी बघितली असतील त्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. इथली कासवं लॉगरहेड, आणि ती उन्हाळ्यात रात्री अंडी घालायला येतात. तेव्हा किनाऱ्यावर टॉर्च मारत फिरू नका.

कंबरलंड बेटासाठी सेंट मेरीज गावातून बोट, आणि बोटीचं बुकिंग काही आठवडे आधी. बेटावर दुकान नाही, काहीही विकत मिळत नाही. पाणी, डबा, टोपी, सगळं न्या आणि कचरा परत आणा. कार्नेगी घराण्याच्या पडक्या वाड्यासमोर मोकाट घोडे चरत असतात. जवळ जाऊ नका, ते माणसाळलेले नाहीत.

पायरी ६: ओकेफेनोकी

मला या राज्यातलं एकच ठिकाण निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. फोक्स्टन गावाजवळचं पूर्वेचं प्रवेशद्वार नव्या माणसाला सोयीचं. चार लाख एकरांहून मोठं अभयारण्य, १९३७ पासून राखलेलं. आदल्या रात्री फोक्स्टनलाच राहा, सकाळची पहिली बोट घ्या.

पाणी काळं असतं, पण घाण नाही. झाडपाल्याचा अर्क उतरून ते कोऱ्या चहासारखं होतं. ओंजळीत घेतलं तर तांबूस, कालव्यात बघितलं तर आरशासारखं काळं. सायप्रसची झाडं खाली जेवढी, वर तेवढीच, आणि बोटीने लाट उठवली की दोन्ही एकदम थरथरतात. ओकेफेनोकी या नावाचा अर्थ 'थरथरणारी जमीन' असा सांगतात. कुजलेल्या पाल्याचे जाड थर पाण्यावर तरंगतात, त्यांवर गवत आणि झुडपं उगवतात, आणि त्यावर पाय दिला तर शेजारचं झाड हलतं. ज्या कालव्यातून बोट जाते तो १८९० च्या दशकात ही दलदल उपसून शेती करण्यासाठी खणला होता. कंपनीचे पैसे संपले, दलदल राहिली.

मगरींच्या जातीतल्या अ‍ॅलिगेटर काठावर ऊन खात पडलेल्या दिसतील. हात पाण्यात सोडायचा नाही, काही खायला टाकायचं नाही, लहान मुलांना काठाशी एकटं सोडायचं नाही. मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा धरू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. परतताना फोक्स्टनमध्ये मालगाड्या बघायला बांधलेला एक ओटा आहे; फ्लोरिडाकडे जाणाऱ्या गाड्या तिथून लागोपाठ जातात. रेल्वेवेड्या मुलांना खाली उतरवणं कठीण होतं.

पायरी ७: शेंगांचा मुलूख

शेवटचा वीकेंड नैऋत्येला. अमेरिकेतला सुमारे निम्मा भुईमूग जॉर्जियात होतो, आणि रस्त्याच्या कडेला मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत ठेवलेल्या असतात. मीठ घालून उकडलेल्या शेंगा. अमेरिकेच्या इतर भागांतली माणसं नाक मुरडतात, आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिल्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा तिने पिशवीत हात घालून एक शेंग फोडली, आणि विकणाऱ्या आजींना मराठीत म्हणाली, "अजून एक शिटी हवी होती." त्या आजींना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी खालून जास्त शिजलेल्या शेंगा काढून वर घातल्या.

प्लेन्स हे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं गाव. त्यांची शाळा आता म्युझियम आहे, १९७६ च्या प्रचाराचं कार्यालय असलेलं जुनं रेल्वे स्टेशन आहे, आणि थोड्या अंतरावर त्यांचं लहानपणीचं शेत. शाळेच्या म्युझियममध्ये त्यांच्या आईंची, लिलियन कार्टर यांची माहिती शोधा. त्या नर्स होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात जवळजवळ दोन वर्षं काम करून गेल्या. या एवढ्याशा गावातून विक्रोळीला! मुंबईकरांना मी हे आधी सांगत नाही, तिथे गेल्यावरच सांगते.

वीसेक मैलांवर अँडरसनव्हिल. यादवी युद्धात चौदा महिन्यांत इथे ४५,००० कैदी कोंडले, त्यांतले जवळजवळ १३,००० मेले, उपासमारीने, घाण पाण्याने, हगवणीने. दफनभूमीतले दगड एकमेकांना खेटून आहेत, कारण माणसं खांद्याला खांदा लावून पुरली. लहान मुलांना बाहेर खेळू द्या, तुम्ही एकेकाने जा.

आणि मग प्रॉव्हिडन्स कॅन्यन. दीडशे फूट खोल घळ्या. भिंतींवर पांढरे, गुलाबी, जांभळे, नारिंगी पट्टे. फोटोत ही हजारो वर्षांची करामत वाटते. प्रत्यक्षात ती दोनशे वर्षांचीही नाही. मस्कोगींना हाकलल्यावर आलेल्या शेतकऱ्यांनी जंगल साफ केलं, कापूस लावला, उताराला आडवी नांगरट केली नाही, बांध घातले नाहीत. पहिल्या पावसात घोट्याएवढ्या चरी पडल्या, मग माणसाएवढ्या, मग त्यांत शेतं गेली. खालची माती इतकी भुसभुशीत, की एकदा वरचा लाल थर फाटल्यावर थांबवणारं काही उरलं नाही. ज्यांच्या आजोबांनी दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर घमेली उचलली, त्यांना त्या कड्यावर जास्त समजावून सांगावं लागत नाही.

वरून कठड्याशी उभं राहून बघा, मग अडीच मैलांच्या फेरीने तळाशी उतरा. तळाला बारा महिने ओल असते. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर प्लमलीफ अझेलियाची शेंदरी फुलं दिसतील, जगात फार थोड्या ठिकाणी उगवणारी. कड्याच्या टोकाला जाऊ नका, तो अजून ढासळतो आहे. जुने बूट घाला, आणि गाडीत एक रिकामी पिशवी ठेवा. परत येताना बूट तिच्यात टाकायचे, नाहीतर ती लाल माती अटलांटापर्यंत सीटवर येते.